धुराड्याखालचे देव

“रुंदी कळली, उंची कळली. आता आतून खोल किती आहे तेवढं सांगा,” शेगडीवाला वॉल्टर म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून वाट बघत उभा राहिला.

श्रीरंगने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. माझ्या सासूबाई, माई, दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर कोटाची बटणंही न काढता बसल्या होत्या आणि भिंतीवर टांगलेल्या सांबराच्या मुंडक्याकडे टक लावून बघत होत्या.

“ते मोजता आलं नाही,” श्रीरंग म्हणाला.

“का बरं?”

श्रीरंग घसा खाकरत राहिला. हा माणूस कारखान्यात शेकडो लोकांसमोर बोलतो, पण घरातली गोष्ट बाहेर सांगायची म्हटली की त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. शेवटी मीच सांगून टाकलं, “आत आमचे देव आहेत.”

वॉल्टरने पेन्सिल परत कानावर ठेवली. आजवरच्या धंद्यात त्याला धुराड्यांमध्ये खारी सापडल्या होत्या, वटवाघळं सापडली होती, एकदा तर जिवंत घुबड सापडलं होतं. देव पहिल्यांदाच. पण गडी भला होता, हसला नाही. थोडा वेळ बाहेर काढा, माप घ्या आणि परत ठेवा, एवढंच म्हणाला.

“काय म्हणतोय तो?” माईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी चांगलं कळायचं, पण सोयीचं नसलं की कळायचं नाही.

“देव बाहेर काढून माप घ्या म्हणतोय.”

“आत्ता पितृपक्ष चाललाय. सर्वपित्री होऊ दे, मग बघू.”

मी वॉल्टरला सांगितलं की पंधरा दिवसांत कळवतो. तो म्हणाला, खुशाल कळवा, पण ऑक्टोबरात माझ्याकडे रांग लागते, आणि एकदा बर्फ पडला की मी कुणाच्या छपरावर चढत नाही. मग वसंतातच भेटायचं. श्रीरंगने मान डोलावली आणि दुकानातली सगळी माहितीपत्रकं गोळा करून घेतली.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका लहानशा गावात राहत होतो. श्रीरंगची नोकरी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, माझी पाऊण तासावरच्या इस्पितळाच्या औषध विभागात. गावात मराठी घर सोडाच, आपल्याकडचं म्हणावं असं दुसरं घरच नव्हतं. घर घेतलं तेव्हा दिवाणखान्यात विटांचं मोठं फायरप्लेस होतं आणि त्याच्यावर माझा फार जीव होता. बाहेर बर्फ, आत जाळ, हातात चहा, असलं काहीबाही मी ठरवून ठेवलं होतं.

वास्तुशांतीला माई आणि माझे सासरे आण्णा मिरजेहून आले. माईंनी घरभर फिरून दिशा बघितल्या आणि फायरप्लेससमोर येऊन थांबल्या. पूर्वेची भिंत, वर कमान, खाली काळा दगड, तिन्ही बाजूंनी बंदिस्त, कुणाचा पाय लागायची भीती नाही. “देवघर आयतंच बांधून ठेवलंय की,” त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून काजळी घासायला बसल्या तेव्हा हसू आवरलं, पण तोवर उशीर झाला होता. संगमरवराच्या पायऱ्या आल्या, त्यांच्यावर कुलदेवतांचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती बसले. धुराड्यातून वारा येऊन निरांजन विझायचं म्हणून श्रीरंगने वर एक जुनी उशी कोंबली. आयत्या चुलीत देव बसवून वर उशी कोंबणारी माणसं जगात आपणच असू. पुढे आण्णा गेले, माई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आणि तो कोनाडा पुरता त्यांचा झाला. मीही चहा स्वयंपाकघरात प्यायला शिकले.

मग आदल्या वर्षीचा हिवाळा आला. आमच्याकडे बर्फापेक्षा वाईट असतो तो गोठता पाऊस. पाणी पडतं आणि पडल्या जागी काच होतं, झाडं मोडतात, विजेच्या तारा तुटतात. घर गरम करणारं तळघरातलं यंत्र तेलावर चालतं, पण त्याचा पंखा विजेवर. वीज गेली तेव्हा श्रीरंग कामासाठी दुसऱ्या राज्यात होता आणि मी इस्पितळात अडकलेली, रस्ते बंद. दुसऱ्या दिवशी मी बर्फ तुडवत घरी पोचले तेव्हा माई अंगावर दोन रजया घेऊन देवांसमोर बसल्या होत्या आणि माझं नाव त्यांना पटकन आठवत नव्हतं. मागच्या ओसरीवर वाळलेल्या लाकडांची रास होती. पेटवायची कुठे? जिथे पेटवायची तिथे बाळकृष्ण रांगत होता.

न्यूमोनिया झाला. दोन आठवडे इस्पितळ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं की फुप्फुसं कमकुवत झाली आहेत, असा गारठा पुन्हा बसला तर मी खात्री देणार नाही. ही बातमी मिरजेत माझ्या नणंदेला, मृदुलाताईंना कळली तेव्हा त्यांनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं: वीज गेली तरी गरम राहील असं घर करा, नाहीतर पुढच्या हिवाळ्याआधी आईला इकडे पाठवा. त्यांचं चूक नव्हतं. पण माईंना पाठवायचं हे माझ्या पचनी पडेना.

मी चौदा वर्षांची असताना माझी आई गेली. सासूत आई सापडली वगैरे मी म्हणणार नाही, कारण आमची भांडणंही खणखणीत व्हायची, विशेषतः फोडणीवरून. पण संध्याकाळी गाडीचा आवाज आला की घराचं दार आतून उघडायचं. मला ते दार उघडलेलं हवं होतं. म्हणून मी ठरवलं, बर्फाच्या आत शेगडी बसवायची आणि माईंना ठेवून घ्यायचं.

शेगडी हा माईंचा शब्द. तिकडे तिला इन्सर्ट म्हणतात. काचेच्या दाराची एक लोखंडी पेटी असते, ती उघड्या फायरप्लेसमध्ये सरकवून बसवायची आणि तिची नळी धुराड्यातून थेट छपरापर्यंत न्यायची. नुसती उघडी आग पेटवली तर बरीचशी ऊब धुरासोबत आभाळात जाते. पेटीत ती धरून ठेवली जाते आणि सगळ्या घराला पुरते. वीज लागत नाही. माझ्या दृष्टीने विषय इथे संपला होता.

श्रीरंगच्या दृष्टीने इथे सुरू झाला. ओतीव लोखंडाची घ्यावी की पोलादी पत्र्याची? ओतीव सावकाश तापते पण रात्रभर ऊब धरते, पोलादी लवकर तापते पण लवकर निवते. धूर पुन्हा जाळणारी जाळी असलेली घ्यावी की नसलेली? लाकूड आडवं घालायचं की उभं? रोज जेवणानंतर तो लॅपटॉप उघडून बसायचा आणि कुठल्या तरी दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ बघायचा. त्या माणसाच्या चार शेगड्या पेटवून झाल्या, आमची एक ठरेना. मी विचारलं की म्हणायचा, “अगं, एकदाच घ्यायची वस्तू आहे, नीट बघून घेऊ.” असं नीट बघत बघत त्याने मे गेला, जून गेला, उन्हाळा गेला. एक ना धड भाराभर चिंध्या. तरी मला वाटायचं की स्वभावच आहे, याने लग्नाला होकार द्यायलाही सहा महिने घेतले होते.

सर्वपित्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन दिवाणखान्यात गेले, तर माई परातीत माती पसरून त्यात धान्य पेरत होत्या.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात हे मला कळायला हवं होतं. त्यांना दुकानातच ठाऊक होतं. “आता देव बसले, वैजू,” त्या म्हणाल्या. “नवरात्रात हलवत नाहीत.” नऊ दिवस अखंड दिवा, नऊ दिवस माळा. देव आपल्या आसनावर आणि मी हात चोळत बाहेर. वॉल्टरला फोन करून सांगताना मला नवरात्र हा शब्दसुद्धा नीट समजावता येईना. तो म्हणाला, देवांना नऊ दिवस सुट्टी आहे असं समजतो.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. नवमीला सकाळी माईंना चहा देता देता मी सहज विचारल्यासारखं विचारलं की साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा एक, हो ना? हो म्हणाल्या. म्हणजे दसऱ्याला नवीन वस्तू ठरवायला मुहूर्त बघावा लागत नाही? नाही म्हणाल्या, आणि चहाचा घोट घेता घेता थांबल्या. मी लगेच पुढचं बोलून टाकलं. दसऱ्याला देव उठतात, त्याच दिवशी मी वॉल्टरला शनिवारी मापाला यायला सांगते. देव वरच्या खोलीत नेऊ, पूर्वेच्या भिंतीलाच मांडू. त्यांच्याच शास्त्राने त्यांना बांधलं याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कामावर गुणगुणत होते.

“बघू,” माई म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

शनिवारच्या आधी गुरुवारी मी घरी आले तर देवांपुढे दिवा नव्हता. माई लांब खुर्चीवर बसल्या होत्या. मिरजेहून फोन आला होता, बंडूकाका गेले. बंडूकाका म्हणजे आण्णांच्या भाऊबंदांतले कुणीतरी. मी त्यांना लग्नात एकदा पाहिलं असेल. आमचं घर त्यांच्याच गोत्रातलं, तेव्हा सुतक. सुतकात देवांना हात लावायचा नाही. मग हलवायचे कुणी?

“किती दिवस?” मी विचारलं.

“दहा.”

मी कपडे बदलायला गेले आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं. गेलेल्या माणसाबद्दल मनात असं येऊ नये, पण हा गृहस्थ दसऱ्याच्या आधी किंवा दिवाळीनंतर जाऊ शकला असता. वॉल्टरला फोन केला. तो एवढंच म्हणाला की शनिवारचं पुढच्या शनिवारी करतो, पण तो शेवटचा. त्यानंतर थेट वसंत. श्रीरंगला सांगितलं तर तो म्हणाला, “बरंच झालं, मला त्या पोलादीबद्दल अजून थोडं वाचायचंय.” घराला आग लागली तर हा आधी बादल्यांची तुलना करेल.

दोन दिवसांनी मी मृदुलाताईंना फोन केला, बंडूकाकांबद्दल वाईट वाटलं हे सांगायला. बोलता बोलता म्हणाले की आमच्याकडे दहा दिवस धरलंय.

“दहा दिवस? अगं, त्यांच्याशी आपलं सुतक आजोबांच्या वेळेपासून तुटलंय. इथे मिरजेत कुणी धरलं नाही. नुसती अंघोळ केली. आईला हे ठाऊक नाही असं कसं होईल?”

“मग त्यांनी असं का करावं?”

“रंगाला विचार की,” त्या म्हणाल्या, आणि लगेच हवापाण्याचं बोलायला लागल्या.

मी श्रीरंगला विचारलं नाही. मला उत्तर ठाऊक होतं, निदान तसं मला वाटत होतं. माईंना तो कोनाडा सोडवत नव्हता. आपल्या हातांनी घासलेली जागा, आपण मांडलेले देव. तिथे एक काळी पेटी येऊन बसणार हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी त्या जीव धोक्यात घालायला तयार होत्या. माझं डोकं असं तापलं की शेगडीची गरजच उरली नसती. बरं, तोंडावर विचारावं तर म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडल्यासारखं होणार. मी दुसरी वाट काढली.

“माई,” मी जेवताना म्हटलं, “सुतकात घरच्यांनी देवांना हात लावायचा नाही. पण बाहेरच्या कुणी पूजा केली तर चालते ना?”

माईंनी भात कालवत बराच वेळ काढला. श्रीरंग ताटाकडे बघत होता.

“चालते,” त्या म्हणाल्या. शास्त्राबाहेर त्यांना जाता येत नव्हतं.

सुमंगला हेगडे धारवाडची. तिचा नवरा आमच्यापासून दीड तासावरच्या कॉलेजात शिकवायचा आणि माझी तिची ओळख किराणा दुकानातल्या कढीपत्त्यावरून झाली होती. मी तिला फोन करून सांगितलं की पुढच्या शनिवारी ये आणि आमचे देव उचल. कारण विचारलं नाही, येते म्हणाली. अशी माणसं मला फार आवडतात.

शनिवारी ती अंघोळ करून, केस ओलेच घेऊन आली. वॉल्टरची गाडीही मागोमाग अंगणात लागली. आता पाच मिनिटांत देव वर जातील, माप होईल, काम फत्ते, असा माझा हिशेब. पण माईंनी सुमंगलाला तिचं गाव विचारलं, आणि धारवाड म्हटल्याबरोबर त्या कानडीत शिरल्या. मिरजेच्या माणसाला कानडी यायचंच. दोघी सोफ्यावर बसल्या त्या बसल्याच. धारवाडच्या कुठल्या गल्लीत कुणाची मावशी, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, मला एक अक्षर कळत नव्हतं. वॉल्टर दारात टोपी हातात घेऊन उभा. मी दोनदा खोकले, एकदा घड्याळाकडे बघितलं. माई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुमंगलाने पाठीवरून हात फिरवला, आणि ठसका थांबल्याबरोबर त्या पुढची गोष्ट सांगायला लागल्या. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की दुपार निघून चालली आहे.

अखेर सुमंगला उठली. एकेक देव उचलून तिने परातीत ठेवला, नमस्कार केला आणि वर घेऊन गेली. वॉल्टरने पायऱ्या काढल्या, धुराड्यात हात घालून उशी ओढली आणि तिच्याबरोबर आम्हा सगळ्यांच्या अंगावर काजळीचा एक लोट आला. त्याने वाकून माप घेतलं, टॉर्च लावून वर बघितलं आणि खूश होऊन बाहेर आला. खोल भरपूर होतं. मोठी पेटीसुद्धा आरामात बसली असती. त्याच्याकडे ओतीव लोखंडाची एक तयार होती, हो म्हटलं तर मंगळवारी लावून देणार होता. पोलादी हवी असेल तर मागवावी लागेल, आणि तोवर बर्फ.

“तर मग कुठली?” त्याने श्रीरंगला विचारलं.

“मी जरा अजून एकदा…” श्रीरंग म्हणाला.

माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. सुमंगला जिन्यात उभी होती, वॉल्टर समोर होता, मला कुणाचंच भान राहिलं नाही. मे महिन्यापासून काय काय गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्याचे व्हिडिओ, तो दाढीवाला, त्याचा लॅपटॉप, एक साधं हो म्हणायला लागणारे त्याचे सहा महिने. मराठीत बोलत होते म्हणून वॉल्टरला कळलं नाही, पण तो दोन पावलं मागे सरकला.

“आज तू हो म्हणाला नाहीस तर माई मिरजेला जातील,” मी म्हटलं. “हे तुला कळतंय का?”

“कळतंय,” श्रीरंग म्हणाला. “म्हणूनच.”

“म्हणूनच म्हणजे काय?”

त्याने माईंकडे बघितलं. मीही बघितलं. माई सोफ्यावर होत्या तशाच होत्या, गालावर काजळीचा डाग.

“त्याला नको बोलूस, वैजू,” त्या म्हणाल्या. “मीच सांगितलं होतं त्याला, दवाखान्यात असताना. मला मिरजेला पोचव म्हटलं.”

“इथे थंडी आहे म्हणून ना? अहो, तेवढ्यासाठीच तर मी हे सगळं करतेय.”

“थंडीचं काही नाही गं. थंडीला काय, आणखी एक रजई घेतली की झालं.” त्यांनी रिकाम्या कोनाड्याकडे बघितलं. “तुम्ही दोघं अंधारात जाता, अंधारात येता. तुमचं काही चुकत नाही, नोकऱ्याच तशा. पण मी दिवसभर त्या तिथे बसते. देवाशी तरी किती बोलायचं? मिरजेला नुसतं दारात उभं राहिलं तरी चार माणसं थांबतात. भांडायला का होईना, थांबतात.”

“मग हे मला का नाही सांगितलंत?”

“कसं सांगू? तू माझ्यासाठी एवढी धडपड करायलीस. दवाखान्यात माझी वेणी घातलीस तू. तुझ्या तोंडावर तुझं घर नको म्हणवेना मला. रंगालाही म्हणवेना. म्हटलं, असंच चालू दे. बर्फ पडेल, हा माणूस यायचा बंद होईल, आपोआप ठरेल.”

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सबंध साल मी एकटी पळत होते आणि दोघं मायलेक दोन बाजूंनी माझा पाय ओढत होते, एक पंचांगाने आणि एक व्हिडिओंनी. ताकाला जाऊन भांडं लपवायची या घराची रीतच आहे. मृदुलाताईंनाही ठाऊक होतं. शेगडी जिच्यासाठी होती तिला ती हवी का हे कुणी विचारलं नव्हतं, आणि ती नको म्हणतेय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बंडूकाका बिचारे फुकटचे वापरले गेले.

“काही अडचण आहे का?” वॉल्टरने हळूच विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “ओतीव लोखंडाची. मंगळवारी या.”

“अगं, पण मी आता…” माई म्हणाल्या.

“तुमच्यासाठी नाही, माई,” मी म्हटलं. “आम्हाला थंडी वाजत नाही का?”

हे मी लागावं म्हणूनच बोलले होते. माईंना लागलं नाही. त्या म्हणाल्या, “तेच बरं,” आणि पदराने गाल पुसायला गेल्या. डाग आणखी पसरला. सुमंगलाने खाली येऊन तो पुसून दिला.

मंगळवारी शेगडी बसली. माई दिवाळीपर्यंत राहिल्या. रोज संध्याकाळी आम्ही तिघं तिच्यासमोर बसायचो, माई तळहात शेकायच्या आणि म्हणायच्या, “छान ऊब धरते हो.” दर वेळी मला वाटायचं, आता पुढचं वाक्य येईल, की मग राहतेच. मी मुद्दाम लाकूड घालायला उठायची, त्यांना बोलायला सवड मिळावी म्हणून. ते वाक्य आलं नाही. भाऊबीज झाली आणि श्रीरंग त्यांना पोचवायला गेला. टाक आणि बाळकृष्ण त्यांनी बरोबर नेले, गणपती आणि अन्नपूर्णा माझ्यासाठी ठेवली.

जानेवारीत पुन्हा गोठता पाऊस झाला. तारा तुटल्या, गावातली वीज गेली. शनिवारची सकाळ होती, आम्ही घरीच होतो. शेगडी अशी पेटली होती की मी स्वेटर काढून ठेवला आणि श्रीरंगने खिडकी किलकिली केली. बाहेर झाडं मोडत होती आणि आम्हाला आत उकडत होतं. मला ते माईंना सांगायचं होतं. मिरजेत तेव्हा संध्याकाळ झालेली असणार. फोन उचलायला बराच वेळ लागला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

“वीज गेली, माई,” मी सांगितलं.

“अगंबाई. मग? घर गरम आहे ना?”

“एकदम गरम आहे. उकडतंय आम्हाला.”

“मग बरं झालं. काळजी मिटली.” त्या मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, “आले, आले.” मग मला म्हणाल्या, “अगं, भिशीच्या बायका आल्यात, चहा टाकायचाय. ठेवते हं.”

त्या आमच्याकडे असताना मी दुपारच्या सुट्टीत रोज कामावरून फोन करायची. माई काहीतरी काढून बोलणं लांबवायच्या, आमटीत चिंच घालू की आमसूल, आणि कुणीतरी हाक मारली की मी ठेवून द्यायची. त्यांनी माझ्याआधी फोन ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती. “काय म्हणाली?” श्रीरंगने विचारलं.

“वेळ नाही म्हणाल्या,” मी म्हटलं.